डॉक्टर मुलांच्या परदेशी अर्जात शिकवणी, मेंदी आणि दुकान : काय लिहावं, काय टाळावं

एका रविवारी असरनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी तिच्या अब्बांना घेऊन सीवूड्सला आमच्या घरी आली. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, अमेरिकेच्या परीक्षाही पास झाल्या. आता तिथल्या रेसिडेन्सीचा अर्ज भरायचा होता आणि त्यातलं इंग्रजी तिला एकदा तपासून हवं होतं. एका एजंटने पैसे घेऊन कच्चा मसुदा करून दिला होता. त्यात छंद म्हणून व्हायोलिन आणि पॅराग्लायडिंग लिहिलेलं. पोरीने आयुष्यात व्हायोलिन हातात धरलेलं नाही. उलट अकरावीपासून ती घरी शिकवण्या घेत होती, लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी करत होती आणि अब्बांच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळत होती. मेडिकलची कितीतरी पुस्तकं त्याच पैशांतून आली. यातलं अर्जात काहीच नव्हतं. आम्ही विचारलं तेव्हा अब्बाच म्हणाले, "सर, दुकान का क्या लिखना? अब तो डॉक्टर है वो."

हा प्रश्न एका घराचा नाही. नेरूळ, कामोठे, मुंबई, पुणे इथल्या कॉलेजांतून आणि रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तानातूनही आपल्या समाजाची मुलं-मुली डॉक्टर होऊन येतात. त्यांच्यापैकी काहींची नजर अमेरिकेकडे असते. घरात याआधी कोणी हा फॉर्म भरलेला नसतो, मग एजंट सांगेल ते खरं. म्हणून आम्ही जे वाचलं आणि चार मुलांचे अर्ज बघताना जे शिकलो, ते इथे मांडतो आहोत.

हे कुठे चालतं आणि कुठे चालत नाही

भारतात पीजीला प्रवेश घ्यायचा असेल तर छंदाचा काही उपयोग नाही. नीट-पीजीचा रँक लागतो, त्यावर अखिल भारतीय कोट्याचं कौन्सेलिंग एमसीसी करते आणि राज्य कोट्याचं महाराष्ट्रात सीईटी सेल. एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी. डीएनबीच्या जागाही नीट-पीजीच्या रँकवरच. कुठेही मुलाखत नाही आणि तुम्ही रविवारी काय करता हे विचारणारा रकाना नाही. ज्यांना इथेच राहायचं आहे त्यांनी हा लेख बाजूला ठेवून प्रश्नसंच सोडवावेत, हे आमचं प्रामाणिक मत.

ब्रिटनमध्ये ट्रेनिंगच्या जागांसाठी 'ओरिएल' या पोर्टलवर अर्ज होतो. बऱ्याच शाखांत गुण मिळतात ते ऑडिट, शिकवण्याचा अनुभव, शोधनिबंध, सादरीकरण अशा ठरलेल्या गोष्टींना. मेंदीला तिथे गुण नाहीत. पण नियमित, ठरवून केलेलं अध्यापन कामी येऊ शकतं. मात्र त्याची लेखी नोंद लागते. जर्मनीत जागेसाठी थेट हॉस्पिटलला बायोडेटा पाठवायची पद्धत आहे. त्यात शेवटी आवडीनिवडींची एक ओळ असते, एवढंच. तिथला खरा डोंगर जर्मन भाषेचा.

राहिली अमेरिका. या विषयाचं खरं घर तेच आहे.

अमेरिकेचा फॉर्म

तिथे रेसिडेन्सीच्या बहुतेक शाखांचे अर्ज 'ईरास' या पद्धतीतून जातात. ती तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, चालवते. स्त्रीरोग-प्रसूती आणि आता इमर्जन्सी मेडिसिन या शाखांनी 'रेसिडेन्सीकॅस' नावाचं वेगळं पोर्टल घेतलं आहे, त्यामुळे आपली शाखा कुठे आहे ते आधी बघावं. भारतातून शिकलेल्या डॉक्टरला त्याआधी ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट मिळवावं लागतं. त्यासाठी यूएसएमएलई स्टेप वन, स्टेप टू सीके आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. जानेवारी २०२२ पासून स्टेप वनचा निकाल फक्त पास किंवा नापास असा येतो. गुणांवरून उमेदवार वेगळे काढायची एक सोय गेली. स्टेप टूचे गुण मात्र अजून आकड्यात येतात आणि आधी तेच बघितले जातात. चांगली शिफारसपत्रं, अमेरिकेत हॉस्पिटलात घेतलेला अनुभव, कोणत्या वर्षी एमबीबीएस झालात, हे सगळं छंदाच्या आधी येतं. कमी गुण छंदाने भरून निघत नाहीत. गुण आणि पत्रं बरी असलेल्या शंभर अर्जांतून मुलाखतीला कोणाला बोलवायचं, आणि मुलाखतीत कोण लक्षात राहतं, तिथे या बाकीच्या गोष्टी कामी येतात.

फॉर्ममध्ये अनुभवांचा एक भाग आहे. २०२३ च्या हंगामापासून त्यात जास्तीत जास्त १० अनुभव देता येतात. प्रत्येक अनुभवाचा प्रकार निवडायचा असतो : नोकरी, संशोधन, शिकवणं, स्वयंसेवा वगैरे, आणि त्यात क्लब किंवा छंद असाही एक प्रकार आहे. संस्थेचं नाव, गाव, कधीपासून कधीपर्यंत, किती वारंवार, हे वेगवेगळ्या रकान्यांत जातं. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा. स्पेस धरून. म्हणजे इंग्रजीत साधारण १२० शब्द. या दहांतले ३ 'सर्वांत महत्त्वाचे' म्हणून निवडायचे आणि ते का महत्त्वाचे हे आणखी ३०० अक्षरांत सांगायचं. त्याशिवाय, शिक्षणाच्या वाटेत मोठ्या अडचणी आल्या असतील तर त्या सांगायला ७५० अक्षरांची वेगळी, ऐच्छिक जागा आहे.

दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत असं नाही. सहा खऱ्या नोंदी पुरतात.

म्हणजे बघा, हा फॉर्म स्वतःच विचारतो आहे की तुम्ही कोणकोणती कामं केलीत. आपल्याकडे मुलाने कॉलेजात असताना काम केलं तर ती घरची मजबुरी समजली जाते, पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेख टाळतात. तिकडे विद्यार्थ्याने हॉटेलात प्लेट उचलल्या, पेट्रोल पंपावर रात्रपाळी केली, हे बायोडेट्यात सरळ लिहिलं जातं, आणि वाचणाऱ्याला त्यातून हा मुलगा वेळ पाळतो, लोकांशी बोलू शकतो, थकूनही उभा राहतो, असं कळतं. रेसिडेन्सीत नेमकं तेच लागतं. हलाल रोजीची लाज धरायचं कारण आपल्यालाही कधी नव्हतंच, पण 'डॉक्टर' शब्द घरात आला की आपण विसरतो.

मोठी उदाहरणं आणि आपलं काम

डॉक्टरकीबरोबर दुसरं काहीतरी जिवंत ठेवलेल्या माणसांची महाराष्ट्रात उणीव नाही. डॉ. जब्बार पटेल पंढरपूरला १९४२ मध्ये जन्मले, पुण्याच्या बी. जे. मेडिकलला शिकले, बालरोगतज्ज्ञ झाले आणि दौंडला प्रॅक्टिस केली. तीच व्यक्ती 'घाशीराम कोतवाल' नाटकाची दिग्दर्शक आणि 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' या चित्रपटांचीही. बी. जे.च्याच डॉ. अनिल अवचटांनी ओरिगामी, लाकडावरचं कोरीवकाम आणि बासरी आयुष्यभर सोडली नाही. उर्दूवाल्यांना हकीम मोमिन खाँ मोमिन आठवतील. व्यवसायाने हकीम, नावाने शायर, आणि बुद्धिबळ व ज्योतिषातही मुरलेले.

रेसिडेन्सीशी थेट नातं असलेलं उदाहरण डॉ. अतुल गावंडे यांचं. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, अमेरिकेत जाऊन मूत्ररोग-शल्यचिकित्सक झाले. अतुल यांचा जन्म १९६५ मध्ये ब्रुकलिनचा. हार्वर्डमध्ये मेडिकल शिकताना मधेच त्यांनी १९९२ च्या क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारात काम केलं, मग परत येऊन डॉक्टर झाले. पुढे सर्जरीची रेसिडेन्सी चालू असतानाच ते मासिकांत लिहू लागले, १९९८ मध्ये 'न्यूयॉर्कर'चे लेखक झाले आणि रेसिडेन्सी संपायच्या आत, २००२ मध्ये, त्यांचं पहिलं पुस्तक 'कॉम्प्लिकेशन्स' आलं. काबूलला जन्मलेले डॉ. खालिद होसैनी यांनी कॅलिफोर्नियात डॉक्टरकी करताना पहाटे उठून 'द काइट रनर' लिहिली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

ही नावं हुरूप यायला ठीक आहेत. पण ती वाचून मुलं घाबरतात, "आमच्याकडे असं काय आहे?" म्हणतात आणि मग एजंटचं पॅराग्लायडिंग आवडायला लागतं. फॉर्म वाचणाऱ्याला दुसरा गावंडे नको असतो. त्याच्यासमोर शेकडो, कुठे कुठे हजारो अर्ज असतात आणि निम्म्यांत 'वाचन, प्रवास, संगीत' असं तेच ते असतं. त्याला एक खरी, नेमकी गोष्ट मिळाली तरी तो थांबतो.

नेमकं म्हणजे कसं

फॉर्म इंग्रजीत भरायचा आहे. आम्ही इथे समजायला मराठीत देतो.

'मी मुलांना शिकवते आणि मला शिकवायला आवडतं' हे कोणीही लिहील. आमच्या विद्यार्थिनीने शेवटी असं लिहिलं : घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान, सहा वर्षं, आठवड्याला साधारण आठ तास, एका वेळी पाच ते सात मुलं. बहुतेक उर्दू माध्यमातून इंग्रजी माध्यमात आलेली. ती प्रश्न वाचायलाच घाबरत, म्हणून प्रत्येक धड्याची इंग्रजी-उर्दू-मराठी शब्दांची यादी बनवली. परीक्षेच्या महिन्यात फी घेतली नाही. पुढे वॉर्डमध्ये पेशंटला औषध समजावताना हीच यादीची सवय उपयोगी पडली. एवढंच. यात विशेषण एकही नाही, आणि तरी तिच्याबद्दल खूप कळतं.

मेंदीचं तिला लिहायचंच नव्हतं. "सर, ते हसतील." आम्ही म्हणालो, हसले तर हसू देत, लक्षात तर राहशील. पण लिहिताना 'कलेची आवड' असं गुळमुळीत नको. नवरीचे दोन्ही हात-पाय म्हणजे चार-पाच तास एका जागी, हात स्थिर, कोनावरचा दाब सारखा, समोरची मुलगी घाबरलेली आणि आजूबाजूला सगळ्या खाला-फुप्पींचा कल्ला. एकदा डाग पडला तर पुसून परत होत नाही. सर्जरीला अर्ज करणाऱ्या मुलीने यापुढे काही स्पष्ट करायची गरज नाही. 'म्हणून मी चांगली सर्जन होईन' हे वाक्य तिने लिहिलं होतं, ते आम्ही खोडलं. वाचणाऱ्याला ते स्वतःच सुचू द्यावं.

दुकानाच्या बाबतीत आम्ही उधारीच्या वहीवर भर द्यायला सांगितलं. कोणाचं थकलं आहे, कोणाला दुखवून चालणार नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून या महिन्यात मागायचं नाही, हे ती बारावीत असताना ठरवत होती. पेशंटची परिस्थिती ओळखणं याहून वेगळं काय असतं!

आता छंद. सीवूड्सच्या मुलांना एक देणगी दाराशीच मिळाली आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत डीपीएस तलाव आणि टीएस चाणक्यच्या मागच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात. मुंबईहून लोक गाड्या काढून बघायला येतात आणि आपली मुलं रोज तिथूनच जातात. एखादा मुलगा खरोखर दर रविवारी सकाळी जाऊन पक्षी मोजत असेल, तर त्याने 'निसर्गाची आवड' लिहू नये. त्याने ते आकडे 'ईबर्ड'वर टाकावेत. ही नोंदवही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा चालवते, फुकट आहे, तारीखवार नोंद राहते, आणि तिकडच्या वाचणाऱ्याला नाव ओळखीचं असायची बरीच शक्यता आहे. २०२४ मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं अडलं आणि तलाव सुकत चालला तेव्हा इथल्या रहिवाशांनी आवाज उठवला होता. त्यात कोणी खरंच पत्रं लिहिली असतील, सह्या गोळा केल्या असतील, तर तोही अनुभवच आहे. फोटो काढायला एकदा गेलेला मुलगा मात्र पक्षिनिरीक्षक होत नाही.

आणखी काही गोष्टी आमच्या मुलांकडे असतात आणि त्यांना त्या छंद वाटतच नाहीत : खत्ताती म्हणजे उर्दू सुलेखन, कॅरमच्या स्पर्धा, कबुतरं पाळणं, मोबाईल दुरुस्ती, कोकणातल्या गावी आंब्याच्या हंगामात पेट्या भरणं, आजीला डायलिसिसला घेऊन जाणं. शेवटचं छंद नव्हे हे खरं, पण तीन वर्षं आठवड्यातून दोनदा कोणी ते केलं असेल तर ते ऐच्छिक जागेत लिहिण्यासारखं आहे.

भाषेचे सापळे

आमच्या धंद्याचा विषय म्हणून इथे जरा थांबतो. आपलं इंग्रजी आणि अमेरिकन इंग्रजी काही शब्दांत फार वेगळं आहे. 'ट्यूशन घेतली' असं लिहिलं तर तिकडे ट्यूशन म्हणजे कॉलेजची फी. तिथे 'ट्यूटरिंग' लिहावं. '२०२३ मध्ये पासआउट झाले' याचा तिकडचा अर्थ बेशुद्ध पडले! 'ग्रॅज्युएट' हा शब्द वापरा. आपला इंटर्न एमबीबीएसच्या शेवटच्या टप्प्यातला, त्यांचा इंटर्न म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. म्हणून 'सक्तीची १२ महिन्यांची इंटर्नशिप' असं पूर्ण लिहावं. लाख, कोटी नको. कंपाउंडर, किराणा, मक्तब, कॅरम हे शब्द ठेवायचे तर पुढे चार शब्दांत अर्थ द्यावा. मेंदीला 'हेना' म्हटलं की कळतं.

भाषांचा स्वतंत्र रकाना असतो आणि प्रत्येक भाषा किती येते हेही विचारतात. मराठी, उर्दू, हिंदी जरूर लिहा. शिकागो, न्यू जर्सी, ह्यूस्टन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात उर्दू-हिंदी बोलणारे पेशंट भरपूर आहेत, तिथे ही जमेची बाजू ठरते. पण अरबीबद्दल सावध! कुरआन शरीफ अस्खलित वाचता येणं आणि अरबी बोलता येणं या दोन गोष्टी आहेत. एका मुलाने अरबी 'उत्तम' लिहिलं होतं. आम्ही त्याला म्हणालो, समोर इजिप्तचा किंवा सीरियाचा डॉक्टर बसला आणि त्याने अरबीत हाल विचारला तर? अमेरिकन हॉस्पिटलांत ते काही कमी नाहीत. त्याने लगेच खोडलं.

दीनी कामं लिहावीत का

हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात. नाव वाचून कळतंच, मग आणखी कशाला दाखवायचं, असं काहींचं म्हणणं. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धर्मावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे. कायदा असूनही माणसांच्या मनात काय असेल ते कोण सांगणार, ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आमचं मत असं की, ज्या कामात खरोखर वर्षं गेली आहेत ते लपवल्याने अर्ज पोकळ होतो. मक्तबमध्ये लहान मुलांना शिकवलं असेल तर ते 'शिकवणं' या प्रकारात सरळ बसतं. रमजानमध्ये रेशनच्या किटचं नियोजन केलं असेल तर किती घरं, यादी कशी केली, कोणाला आधी दिलं, हे लिहावं. हिफ्ज केलेल्या मुलाने एका ओळीत समजावून द्यावं की सहा हजारांहून अधिक आयती पाठ करणं आणि ती रोज उजळणीने टिकवणं म्हणजे काय. अॅनाटॉमी पाठ करून आलेल्या कोणालाही त्याची किंमत कळेल. फक्त लिहिताना तुम्ही काय केलंत ते सांगा, प्रवचन नको.

जिथे खरंच अंगाशी येतं

खोटा छंद मुलाखतीत पकडला जातो, कारण मुलाखत घेणारा बहुधा तिथूनच सुरू करतो. आता बऱ्याच मुलाखती ऑनलाइन असतात, पंधरा-वीस मिनिटांच्या, आणि उमेदवार मोकळा व्हावा म्हणून पहिला प्रश्न छंदाचाच. व्हायोलिन लिहिलं आणि समोरचा स्वतः वाजवणारा निघाला की संपलं. पण फजिती ही त्यातली छोटी गोष्ट. अर्ज पाठवताना माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून देता. खोटं आढळलं तर एएएमसी चौकशी करते, ईसीएफएमजी 'अनियमित वर्तन' अशी नोंद करू शकते आणि ती पुढे रेकॉर्डसोबत जाते, आणि मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था उमेदवाराला काही वर्षं किंवा कायमची बाहेर ठेवू शकते. एजंटने लिहिलं होतं, हे कारण चालत नाही. सही तुमची.

दुसरा धोका खरं लिहिण्यातला आहे आणि तो आपल्या मुलांना माहीत नसतो. व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत ऑब्झर्व्हरशिपला गेलेला मुलगा मामूच्या मोटेलवर किंवा गॅस स्टेशनवर पैसे घेऊन बसला असेल, तर तो व्हिसाच्या अटींचा भंग आहे. तो 'अनुभव' म्हणून फॉर्मवर लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने कबुली देणं. मुळात असं काम करूच नये. पुढे जे-वन व्हिसावर रेसिडेन्सी मिळाली तरी बाहेर जादा ड्यूटी करून कमवायला परवानगी नसते, हेही पालकांनी आधीच समजून घ्यावं, कारण हिशोब तिथे चुकतात.

तिसरा धोका इथलाच. रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी चाचांच्या दवाखान्यात बसून 'मी रोज ३० पेशंट तपासत होतो' असं एका मुलाने अभिमानाने लिहून आणलं. नॅशनल मेडिकल कमिशन कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याने प्रत्यक्षात काय केलं होतं? केसपेपर काढले, वजन-बीपी घेतलं, आलेल्या पेशंटचं बोलणं डॉक्टरांना समजावून दिलं. मग तेच लिहायचं. ते कमी नाही.

पुरावा जोडायला सांगत नाहीत, पण विचारला तर दाखवता यावा. शिकवणीची वही, मेंदीच्या ऑर्डरींचे मेसेज, मक्तबच्या उस्तादांचं एक पत्र, एवढं आत्ताच जमवून ठेवावं. तारखा आणि तास अंदाजे असतील तर ते कमीच धरावेत.

कधी काय

साधारण जूनमध्ये फॉर्म उघडतो, सप्टेंबरमध्ये अर्ज जातात, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅचचा निकाल, जुलैला काम सुरू. नेमक्या तारखा दरवर्षी संकेतस्थळावर बघाव्यात. अनुभवांचं लिखाण जूनच्या आधीच करून ठेवावं आणि एखाद्या बिगर-डॉक्टर माणसाला वाचायला द्यावं. त्याला कळलं नाही तर अमेरिकेतल्यालाही कळणार नाही. जे सेकंड किंवा थर्ड एमबीबीएसला आहेत त्यांनी आतापासून आठवड्याची एक ओळ वहीत टाकत जावी. नवीन छंद शोधू नये, जे करतो आहोत तेच सोडू नये. फायनलच्या वर्षी शिकवण्या बंद कराव्या लागल्या तरी हरकत नाही, फॉर्मवर शेवटची तारीख टाकता येते.

आमच्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या अर्जात सात नोंदी राहिल्या. महत्त्वाच्या तिनांत तिने शिकवणी, हॉस्पिटलातलं एक छोटं संशोधन आणि दुकान निवडलं. मेंदी छंदात गेली. पॅराग्लायडिंग अर्थातच उडालं. दुकानाची नोंद भरताना संस्थेच्या नावाचा रकाना आला तेव्हा तिने अब्बांकडे बघितलं. ते म्हणाले, नुसतं 'फॅमिली ग्रोसरी' लिही, नाव कशाला. ती काही बोलली नाही. दारावे गावातल्या पाटीवर जे नाव आहे तेच तिने इंग्रजीत टाइप केलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे का ते अब्बांनाच विचारलं.